मौन आणि असत्य

सज्जनहो, गुप्त बोलणें म्हणजे खोटें बोलणें काय? गांवच्या भांडणापासून राष्ट्रांच्या तंट्यापर्यंत हा प्रश्न येतोच. गीतेच्या सतराव्या अध्यायांत भगवंतांनीं वाणीच्या तपांत सत्य, प्रिय, हितकर आणि कोणास उद्वेग न देणारें बोलणें सांगितलें. पण सत्य आणि हित यांची ओढाताण झाली तर?

१९६२ च्या ऑक्टोबरांतील गोष्ट घ्या. रशियानें क्युबा बेटावर अण्वस्त्रांचीं क्षेपणास्त्रें नेऊन ठेवलीं. अमेरिकेनें समुद्रांत नाकेबंदी केली. जग पेटायला एक ठिणगी पुरे होती. केनेडी व ख्रुश्चेव यांचीं एकमेकांस पत्रें चाललीं होतीं. ता. २७ च्या संध्याकाळीं केनेडींचे बंधु रॉबर्ट रशियाचे राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तुमचीं अस्त्रें काढा. तुर्कस्तानांतील आमचींही कांहीं महिन्यांत निघतील, मात्र याचा बोभाटा नको, असें ठरलें. दुसऱ्या दिवशीं ख्रुश्चेवांनीं माघार जाहीर केली. जिंकलों म्हणून मिरवूं नका, अशी ताकीद केनेडींनीं आपल्या माणसांना दिली. १९६३ च्या एप्रिलांत तुर्कस्तानांतील क्षेपणास्त्रें निघालीं. जग हंसलें, तरी १९६४ त सत्ता जाईपर्यंत ख्रुश्चेवांनीं तें गुपित चव्हाट्यावर मांडलें नाहीं.

कोणी म्हणेल, ही तर प्रजेची फसवणूक! आम्हांला तसें वाटत नाहीं. चारचौघांत ज्याचें नाक कापलें, तो तह करीत नाहीं, डूख धरतो. शत्रूलाही परतायला वाट ठेवावी लागते. दुसऱ्याची लाज राखून लेकरांचे प्राण वांचविणारें मौन हें वाणीचें तपच म्हणावें.

पण पुढचें ऐका. ॲडलाय स्टीव्हन्सन या त्यांच्याच प्रतिनिधीनें हीच देवघेव आधीं सुचविली होती. त्या डिसेंबरांत एका नियतकालिकांत, त्यानें शत्रूपुढें नमण्याचा सल्ला दिला, अशी त्याची नालस्ती छापून आली. लिहिणाऱ्या दोघांपैकीं एक केनेडींचा मित्र. देवघेव खरोखर झाली, हें ठाऊक असणाऱ्यांनीं तेव्हां तें उघड केलें नाहीं. येथें मौनाचें पुण्य सरलें. शत्रूची लाज झांकायला घेतलेलें पांघरूण आपल्याच मोठेपणावर ओढलें गेलें, आणि घरचा माणूस उघडा पडला.

दिंडींत, फडावर, घरांत कोणी विश्वासानें मनांतलें सांगतो. तें पोटांत ठेवावें. तो आपला धर्म आहे. मात्र आपल्या गप्प बसण्यानें निरपराध्यावर बोल येत असेल, तर गुपित न फोडतांही “त्याचा दोष नाहीं” एवढें म्हणतां येतें. तेवढेंही ज्याच्या तोंडून निघेना, त्यानें आपल्या मौनाला तप म्हणूं नये.

रामकृष्णहरि.