समाधान कोणाच्या उपयोगी पडते?



माणसाच्या गरजा अमर्याद आहेत आणि त्या भागवण्याची साधने मर्यादित, असे अर्थशास्त्राच्या सुरुवातीलाच शिकवतात. एक गरज भागली की तिच्या जागी दुसरी उभी राहते. वाणिज्य शाखेचे आम्ही विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण हे खरे असेल, तर ज्याचे मागणे कधीच संपणार नाही त्या माणसाला समाधान मिळणार तरी कसे?

पवित्र शास्त्र माणसाची ही अवस्था नाकारत नाही. संपत्तीचा लोभ संपत्तीने शमत नाही, हे उपदेशकाने फार पूर्वी ओळखले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात प्रभू येशू एका धनवान शेतकऱ्याचा दाखला देतो. भरघोस पीक आल्यावर तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री त्याला प्राण सोडावा लागतो. त्याने चोरी केली होती, असे दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही. पीक त्याच्याच जमिनीतले होते. पण त्याच्या सगळ्या बेतात दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

याउलट प्रेषित पौल बंदिवासात असताना फिलिप्पै येथील मंडळीला लिहितो की विपुलता आणि टंचाई, दोन्हींत तृप्त राहायला तो शिकला आहे. म्हणजे समाधान हा जन्मजात स्वभाव नव्हे. ते शिकावे लागते. त्याच अध्यायात तो मंडळीने पाठवलेल्या मदतीची पोच देतो, पण त्याचे लक्ष देणगीकडे नसते. देणाऱ्यांच्या खात्यावर काय जमा होते, याचा त्याला आनंद आहे. हिशेबाची भाषा आहे, पण खाते दुसऱ्याचे आहे.

हे शिकणे प्रत्यक्षात कसे दिसते, ते पाहण्यासाठी आपण तंजावरला जाऊ. मराठी माणसाला हे गाव परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १७ व्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्या घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आजही मराठीत कोरलेला आहे.

या राज्यात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नावाचा मिशनरी राहत होता. १७२६ मध्ये प्रशियात जन्मलेला हा माणूस १७५० मध्ये तरंगंबाडीला आला आणि पुन्हा कधीच युरोपला परतला नाही. त्याने लग्न केले नाही. तिरुचिरापल्लीत असताना एका जुन्या इमारतीतली, जेमतेम खाट मावेल एवढी खोली त्याला पुरत असे. जेवण म्हणजे भात आणि भाजी.

१७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवले. निघताना हैदरअलीने प्रवासखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती मद्रास सरकारपुढे ठेवली. सरकारने ती त्यालाच ठेवायला सांगितले, तेव्हा त्याने ते पैसे तंजावरमधल्या गरीब मुलांच्या शाळेसाठी लावले.

१७८० मध्ये युद्ध पेटलेच आणि तंजावरच्या किल्ल्यात अन्नाचा तुटवडा पडला. आसपासच्या लोकांकडे धान्य होते, बैल होते. पण आधी घेतलेल्या मालाचे पैसे बुडाल्याने राजाच्या किंवा कंपनीच्या आश्वासनावर कोणी विश्वास ठेवेना. शेवटी श्वार्ट्झने पैसे मिळवून देण्याची हमी घेतली. धान्य आले, आणि पैसेही चुकते झाले.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. राजाकडे खजिना होता आणि कंपनीकडे फौज. तरी ज्याच्या घरात साठवलेले काही नव्हते, त्याचा शब्द चालला. कारण हा माणूस मधल्यामधे स्वतःसाठी काही काढून घेणार नाही, याची लोकांना खात्री होती. आपण समाधानाला मनःशांतीचे साधन समजतो, रात्री झोप नीट लागावी म्हणून हवे असलेले. पण समाधानी माणसाचा पहिला लाभ त्याच्या शेजाऱ्याला होतो. ज्याला आपल्याकडून काही उकळायचे नाही, त्याच्यावर आपण निर्धास्तपणे विसंबतो.

१७८७ मध्ये तुळजाराजे मरणाच्या दारात असताना त्यांनी दत्तकपुत्र सरफोजीचे पालकत्व श्वार्ट्झला देऊ केले. राज्याचा कारभार हाती येण्याची ती संधी होती. त्याने ती नाकारली. पण पुढे त्या मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा त्याच्या शिक्षणासाठी आणि हक्कासाठी तो उभा राहिला. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. सरफोजीराजांनी त्याच्या स्मरणार्थ शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. त्यात राजा मृत्युशय्येवरच्या आपल्या गुरूचा हात धरून उभा आहे. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या प्रेमात कोणताही सौदा नव्हता.

कोणी म्हणेल, गरिबाला समाधान शिकवणे म्हणजे त्याला गप्प बसवणे. ही शंका रास्त आहे. स्वतःचे पोट भरलेले असताना उपाशी माणसाला ‘आहे त्यात सुख मान’ असे सांगणे हे प्रभू येशूचे शिक्षण नव्हे. श्वार्ट्झ स्वतःच्या भातावर समाधानी होता, दुसऱ्याच्या रिकाम्या ताटावर नव्हता. समाधानाचा उपदेश आधी स्वतःला करायचा असतो.

म्हणून आपण गरजा मोजत बसण्यापेक्षा एक छोटी सवय लावून घेऊ. पगार, शिष्यवृत्ती, बोनस, जे काही हाती येईल, ते खर्च करण्याआधी देवापुढे ठेवून विचारू: प्रभू, यातले माझे किती, आणि माझ्या हातून दुसऱ्यापर्यंत पोहोचायचे किती? इच्छा लगेच थांबणार नाहीत. पण त्या वाढतील तेव्हा त्यांत स्वतःबरोबर आणखी कोणाचे तरी नाव असू दे. पौल जे शिकला, ते आपल्यालाही शिकता येईल. देव आपल्याला ती कृपा देवो.