पाटाच्या पाण्यावरची वसाहत

पंजाबात इंग्रजांनी कालवे काढले, सरकारी पडीक जमिनीवर माणसं नेऊन बसवली, लायलपूर उभं केलं आणि त्याला उघडउघड वसाहत म्हटलं. नगर जिल्ह्यात गोदावरीचे कालवे आले, १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचं पाणी राहुरी-श्रीरामपूरकडे वळलं. इथे कुणी वसाहत हा शब्द वापरला नाही. झाली मात्र वसाहतच.

कालवे काढले दुष्काळ हटवायला. पण ज्वारी-बाजरीवाला पाणीपट्टी भरायला कचरायचा. पाऊस बरा झाला तर पाण्याचे पैसे वाया, हा त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता. पाण्याला दाम देणारं पीक म्हणजे ऊस, आणि उसाला भांडवल लागतं, कसब लागतं. ते घेऊन सासवडचे माळी आले. नीरेच्या कालव्यावर हात बसलेली ही मंडळी कोपरगावच्या बाजूला उतरली. पेंडीचं खत, वेळेवरची पाळी, आणि चुलवणावर उकळणाऱ्या काहिलीपाशी उभा गुळव्या: पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळते का बघायचं, मगच काहील उतरवायची. ही विद्या कुठल्या सरकारी खात्याने शिकवलेली नव्हती. मागोमाग साखर कारखाने आले: हरेगावला बेलापूर कंपनी आली, टिळकनगर आलं, साकरवाडी आली. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या बेलापूर रोड स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढली, तिचंच श्रीरामपूर झालं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आजही गर्दी लोटते; ऊस नुसती साखर देऊन थांबला नाही, त्याने गावांचा तोंडवळाच बदलला.

पंजाबात आणि इथे एक फरक होता, आणि मला तोच कळीचा वाटतो. तिथे जमीन सरकारची होती. इथे तिला मालक होते. म्हणून इथली वसाहत बरीचशी खंडावर बसली. शेतकऱ्याने जमीन कंपनीला खंडाने दिली आणि स्वतःच्याच शिवारात परका झाला. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कंपन्यांकडची जमीन सरकारने घेतली, ती कसायला शेती महामंडळ निघालं. खंडकरी म्हणू लागला, जमीन माझी, मी फक्त खंडाने दिली होती. ती त्याच्या वारसांना परत मिळायला २०१२ साल उजाडलं. साहेब गेला तरी खंडाचा करार गेला नाही. स्वराज्याने तो जणू वारसाहक्काने घेतला.

सहकाराने यातला एक प्रश्न सोडवला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला कारखाना काढला, १९५० च्या सुमारास त्याची चिमणी पेटली, आणि साखरेचा मालक कोण याचं उत्तर बदललं. हे थोडंथोडकं नव्हे. पण ऊस तोडणार कोण, हा प्रश्न सभासदांच्या यादीत बसत नव्हता. तोडायला माणसं येतात पाथर्डीहून, बीडहून. म्हणजे काही याच जिल्ह्यातून, जिथे पाट पोचला नाही त्या अंगाने. हंगामापुरत्या कोप्या घालतात, पट्टा पडला की उठतात. शंभर वर्षं जुन्या या वसाहतीत त्यांची वस्ती अजून हंगामीच आहे. खंडकऱ्याकडे कोर्टात दाखवायला निदान जमिनीचा कागद होता. कोयत्यावाल्याच्या नावावर इथे नोंद सापडते ती मुकादमाच्या वहीत, उचलीच्या आकड्यापुढे.