एकंखाली एकं

बेरीज बरोबर आली की काम संपलं, असं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटतं. पण ती ज्याला वाचायची असते, त्याच्या हाती फक्त छापलेला कागद पडतो. समजा, एका महिला बचत गटाचा महिन्याचा हिशेब पायथनमध्ये केला. नुसतं ‘प्रिंट’ म्हटलं, तर एका ओळीत ७२५०.५ आणि तिच्याखाली ११२०००.० येतं. दोन्ही रकमा डाव्या कडेला चिकटलेल्या, त्यामुळे लाखातला एक आणि हजारातले सात एकाखाली एक. शाळेत उभ्या मांडणीत एकंखाली एकं, दहंखाली दहं लिहायला लावतात, ते उगाच नव्हे. तशा रकान्यात एखादं शून्य जास्त पडलं, तर बेरीज करायच्या आधीच ते नजरेत भरतं.

पायथनला हे जमतं. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ या आवृत्तीत एफ-स्ट्रिंग आल्यापासून तर फारच सहज. महिरपी कंसात रकमेचं नाव, पुढे अपूर्णविराम, मग उजवीकडे सरकवणारं चिन्ह, रुंदी १२, एक स्वल्पविराम आणि दोन दशांश स्थळं सांगितली की झालं. ०.१ आणि ०.२ यांची ती बदनाम बेरीज, तीननंतर पंधरा शून्यं आणि शेवटी चार, तीही मग ०.३० अशी छापली जाते. आतली संख्या मात्र होती तशीच राहते. म्हणून पैशांच्या हिशेबाला आत ‘डेसिमल’च वापरावा. नीटनेटक्या छपाईखाली चूक झाकणं मला मुळीच मान्य नाही.

खरा कस लागतो तो मराठीत. पायथनचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो, ११२,००० असा. गटातल्या बायका एक लाख बारा हजार म्हणतात. त्यांना १,१२,००० असंच दिसायला हवं. लिनक्सवर भारतीय इंग्रजीचं लोकेल लावून पूर्ण रुपयांची रक्कम ‘एन’ प्रकारानं छापली, तर ते साधतं. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण त्या लिहायलाच हव्यात.

नावांचं दुखणं याहून अवघड. ‘कमल’ पायथनला तीन चिन्हांचं दिसतं आणि ‘लक्ष्मी’ सात चिन्हांचं, कारण हलन्त आणि वेलांटी ही तो वेगळी मोजतो. डोळ्यांना तर लक्ष्मीत दोनच अक्षरं दिसतात. नावाला दहाची रुंदी दिली, की कमलपुढे सात मोकळ्या जागा पडतात, लक्ष्मीपुढे तीन, आणि पुढचा रकमांचा रकाना वाकडा होतो. अक्षरं मोजून जागा भरली तरी जोडाक्षरांची रुंदी फाँटगणिक बदलते. त्यापेक्षा रकमा आधी छापाव्यात आणि नाव ओळीच्या शेवटी टाकावं. नावानंतर मग जुळवायला काही उरतच नाही.