व्यायाम कशासाठी?

व्यायाम करावा की नाही, असे आता कुणी विचारीत नाही. डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. परंतु तो कशासाठी करता, असे विचारले तर दहा माणसे दहा उत्तरे देतात आणि त्यांतली निम्मी तरी खरी नसतात. पोट सुटले म्हणून धावणारा गृहस्थ 'प्रकृतीसाठी' म्हणतो, मधुमेहाच्या धास्तीने चालणारा 'हौस म्हणून' म्हणतो, आणि घरच्या कटकटीतून तासभर सुटका हवी म्हणून बाहेर पडणारा काहीच बोलत नाही. हेतू निराळे असले तरी पाय सारखेच चालतात, मग ही चौकशी हवी कशाला, असे कुणी म्हणेल. आम्हांस ती महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी आम्ही वाचकांना जरा दूर, न्यूझीलंडात नेणार आहोत.

आमच्या पूर्वजांना हा प्रश्न पडला नव्हता. कोकणात दिवसभर तेलाच्या घाण्यावर राबलेल्या माणसाला संध्याकाळी कुणी 'जरा धावून या' म्हटले असते, तर त्याने सांगणाऱ्याच्या डोक्याची चौकशी केली असती. पुढे जे पलटणीत गेले त्यांना कवाईत होती, पण ती हुकमाची. खुर्चीत बसून पगार मिळू लागला तेव्हा व्यायाम ही आपणहून करायची गोष्ट झाली, आणि त्याबरोबर हेतूचा प्रश्नही आला.

ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड (१९१७-२००४) हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. रग्बी खेळत असल्यामुळे आपण धडधाकट आहोत अशी त्यांची समजूत होती. एका मुरलेल्या धावपटूबरोबर पाच मैल धावताना ती साफ उतरली. ऐन तारुण्यात ही गत, तर आणखी वीस वर्षांनी काय, या विचाराने ते हादरले. म्हणजे ज्यांना पुढे जग धावण्याचे गुरू मानू लागले, त्यांची सुरुवात झाली ती भीतीने. त्यांनी स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि मग तरुण पोरांना हाताशी धरले. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्यापैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरची आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरची शर्यत जिंकली. हॅलबर्ग यांचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने लुळा पडला होता. रग्बी सुटली म्हणून ते धावण्याकडे वळले. अपंग मुलांना खेळता यावे यासाठी झटणारी संस्था त्यांनी १९६३ साली काढली, तेव्हा त्यामागे कोणते दुःख होते हे सांगण्याची गरज नाही.

परंतु आमच्या दृष्टीने पदकांहून मोठी गोष्ट घडली ती १९६२ साली. त्या वर्षी ऑकलंडमध्ये लिडियार्ड, कॉलिन के आणि इतर मंडळींनी मिळून सावकाश धावणाऱ्यांचा क्लब काढला. हे के पुढे १९८० ते १९८३ या काळात शहराचे महापौर होते. क्लबात पोट सुटलेले व्यापारी होते, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेलेही होते. त्या काळी हृदयरोग्याला स्वस्थ पडून राहा, जिनाही चढू नका, असेच बहुधा सांगत. अशा माणसांना लिडियार्ड यांनी धावायला सांगितले, मात्र एक अट घातली : शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. दम लागून बोलणे थांबले की वेग जास्त झाला.

आमच्या मते सारे मर्म या साध्या अटीत आहे. ही माणसे आली ती मरणाच्या भयाने. पण ज्याच्याशी रोज बोलत धावायचे तो हळूहळू मित्र होतो, आणि पावसाळी सकाळी अंथरुणातून माणूस उठतो तो हृदयासाठी नव्हे, कोपऱ्यावर कुणी वाट पाहत उभा असेल म्हणून. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले. लिडियार्ड त्यांना या मंडळींबरोबर धावायला घेऊन गेले आणि पन्नाशीचे बॉवरमन मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक सभासद मुद्दाम हळू होऊन त्यांच्या सोबतीने धावले. बॉवरमन यांनी परत जाऊन या धावण्याचा अमेरिकेत प्रसार केला. (पुढे ते नायकी या बुटांच्या कंपनीचे एक संस्थापक झाले. जे बिनखर्चाचे म्हणून सुरू होते त्याचे महागडे बूट व्हायला वेळ लागत नाही!) त्या म्हाताऱ्यांना त्या दिवशी आपल्या हृदयाची काळजी होती की पाहुण्याची, हे कोण सांगू शकेल?

न्यूझीलंडने १९९८ साली आणखी एक उपाय देशभर सुरू केला. डॉक्टर गोळ्यांऐवजी व्यायामाची चिठ्ठी लिहून देतात, तिला 'हिरवी चिठ्ठी' म्हणतात. वैकाटो भागातील ४२ दवाखान्यांत ८७८ माणसांवर तिची पारख झाली व ती २००३ साली प्रसिद्ध झाली. दर दहा चिठ्ठ्यांमागे एक माणूस जास्तीचा, आठवड्याला अडीच तास व्यायाम करू लागला. दहांत एक म्हणजे थोडे असे वाटेल, पण एका चिठ्ठीने एका माणसाची वर्षभराची सवय बदलावी हे आम्हांस थोडे वाटत नाही. शिवाय नुसत्या चिठ्ठीवर भागत नसे. कसे चालले आहे हे विचारायला तीन महिने फोन येत असे. येथेही पुन्हा तेच : कुणीतरी विचारणारे हवे.

आता एक कठीण आक्षेप. रामबाम या नावाने ओळखले जाणारे मोशे बेन मैमोन हे बाराव्या शतकातील धर्मज्ञ स्वतः वैद्यही होते. भरपूर श्रम करणाऱ्याला रोग शिवत नाही असे त्यांनी 'मिश्ने तोरा'त लिहिले आहे. पण त्याच ग्रंथात ते असेही बजावतात की केवळ शरीर धड राहावे एवढ्याच हेतूने वैद्यकाचे नियम पाळणे हा चांगला मार्ग नव्हे. देवाला ओळखण्यासाठी शरीर बळकट हवे. या न्यायाने ऑकलंडचे भ्यालेले व्यापारी नापास ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. धर्माचरणाविषयी बोलताना रामबाम म्हणतात की माणसाला आरंभी भय किंवा बक्षीस दाखवूनच शिकवावे लागते, समज वाढली की तो प्रेमाने करू लागतो. जे तोरेच्या बाबतीत चालते ते सकाळच्या फेरीच्या बाबतीत का चालू नये? पहिल्या दिवसाच्या हेतूवरून माणसाची परीक्षा करणे अन्यायाचे आहे.

मात्र 'शरीर कशासाठी' हा त्यांचा प्रश्न शिल्लक राहतोच. हल्ली व्यायाम करणारा स्वतःला पुण्यवान आणि आजारी माणसाला पापी समजू लागला आहे. 'चालला असता तर ही पाळी आली नसती,' असे रोग्याच्या उशाशी बसून म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कुणाचे दुखणे आईबापांकडून आलेले असते, कुणाला वेळच मिळालेला नसतो. ऑकलंडमध्ये रात्रपाळीत कचेऱ्या झाडणाऱ्या बाईला, किंवा आमच्याकडे पहाटे उठून सर्वांचे डबे भरून लोकल गाठणाऱ्या सुनेला आरोग्याचे प्रवचन देणाऱ्याने आधी तिचे एक काम आपल्या अंगावर घ्यावे. त्या क्लबातल्या मंडळींनी मागे पडलेल्या पाहुण्याला प्रवचन दिले नव्हते.

एप्रिल २०१७ मध्ये ऑकलंडला प्रौढांचे जागतिक क्रीडासामने भरले होते. चंदीगडच्या मन कौर यांनी तेथे १०० मीटरची शर्यत १ मिनिट १४ सेकंदांत पुरी करून सुवर्णपदक घेतले. त्यांचे वय १०१ होते. त्यांच्या वयोगटात दुसरे कुणी नव्हतेच, त्यामुळे हरवायचे तरी कुणाला? त्या वयाच्या ९३ व्या वर्षी प्रथम मैदानात उतरल्या होत्या, तेही मुलाने आग्रह केला म्हणून. आणि तो मुलगा स्वतःही प्रौढांच्या स्पर्धांत धावणारा होता. २०२१ साली त्या वारल्या. ऑकलंडची शर्यत संपल्यावर त्या थोड्या नाचल्या होत्या.