स्वस्त अन्नाचे ऋण

माझी आजी आयुष्यात कधी हॉटेलात जेवली नाही. उमरखेडकडून पैनगंगा ओलांडून आमचे घराणे बोथला स्थिरावले, त्याला चार पिढ्या झाल्या. निजामाचा अंमल गेला, १९५६ साली आपण आंध्र प्रदेशात आलो, २०१४ साली तेलंगणात. पण आजीने घालून दिलेला एक नियम घरात पुष्कळ वर्षे टिकला. शिजवलेले अन्न विकू नये आणि विकतचे खाऊ नये. दारी आलेल्याला वाढावे, काहीच नसेल तर गूळपाणी द्यावे. परंतु ताटाची किंमत सांगू नये. आपत्काळी व्यापार करून जगण्याची वेळ आली तरी ज्या वस्तू विकू नयेत, त्यांच्या मनुस्मृतीतील यादीत शिजवलेले अन्न आहे, हे मला पदवीच्या वर्गात कळले. आजीला ते पुस्तक ठाऊक नव्हते. तिला एवढेच वाटे की भुकेचा सौदा करणे बरे नव्हे.

या नियमाची दुसरी बाजू दिसायला मला सरकारी नोकरीत शिरावे लागले. दारी आलेल्याला वाढताना तो कोण, कुठला, हे आधी पाहिले जाई. त्याप्रमाणे कोणी ओटीवर बसे, कोणी अंगणात, आणि कोणाच्या ओंजळीत वरून टाकले जाई. इडलीच्या बंडीवर असले काही विचारीत नाहीत. नाणे ठेवले की प्लेट मिळते आणि खाणारा कोणाचा मिंधा राहत नाही. अन्नाला किंमत असणे हीच गरिबाची प्रतिष्ठा आहे, असे मी बरीच वर्षे मानीत आलो. त्या समजुतीला पहिला तडा एका गावी गेला आणि दुसरा फार दूर, टोकियोत. दुसऱ्याची हकिकत आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच पहिलीचा अर्थ लागला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी चिरंजीवांकडे टोकियोला होतो. ते एडोगावा भागातील निशी-कसाई येथे राहतात. तिथे संध्याकाळी बागेत मराठी बोलणे सहज कानावर पडते. याच एडोगावाच्या स्थानिक परिषदेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. एका दुपारी मुलाने मला रेल्वे स्थानकामागच्या गल्लीतील रामेनच्या दुकानात नेले. रामेन म्हणजे तासन्‌तास उकळलेल्या रश्शात घातलेल्या गव्हाच्या लांब शेवया, वर मांसाची चकती, अंडे, पातीचा कांदा. बहुतेक ठिकाणी रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. आमच्या घरी कोंबडीपलीकडे काही चालत नाही, म्हणून मुलाने कोंबडीच्या रश्शाचे दुकान शोधून ठेवले होते.

दुकान आपल्या बसस्थानकावरील पानटपरीहून फार मोठे नव्हते. फळीसमोर एका रांगेत आठ उंच स्टुले. दाराशी एक यंत्र. त्यात पैसे टाकून तिकीट घ्यायचे, ते फळीवर ठेवायचे आणि गप्प बसायचे. फळीपलीकडे साठीच्या घरातला एक माणूस आणि भांडी घासणारी एक स्त्री, बहुधा त्याची पत्नी. माणसाच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. शेवयांची जाळी उकळत्या पाण्यातून उचलून तो एका झटक्यात निथळी, आणि दर वेळी त्याचा खांदा किंचित वाकडा होई. मांसाची चकती नको असे मुलाने सांगितले, तेव्हा त्याने मान हलवली आणि माझ्या वाडग्यात अर्धे अंडे जास्तीचे घातले. त्याचे पैसे घेतले नाहीत. ते दान होते की व्यवहार, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

कोणी बोलत नव्हते. शेजारचा तरुण पाचसात मिनिटांत वाडगा संपवून उठला. जाताना त्याने रिकामा वाडगा उचलून वरच्या कठड्यावर ठेवला आणि तिथल्याच फडक्याने आपल्यापुढची फळी पुसली. मी चकित झालो. मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, इथं असंच करतात. वाढायला माणूस ठेवला तर भाव वाढवावा लागेल." बाहेर चारपाच जण उभे होते, म्हणून आम्हीही रेंगाळलो नाही.

वाडग्याची किंमत साडेआठशे येन, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. पाचशे रुपयांत बोथला आठवडाभर नाश्ता होईल, हा पहिला विचार. पण रुपयांत मोजणे चूकच. ऑक्टोबर २०२४ पासून टोकियोत किमान वेतन ताशी १,१६३ येन होते. म्हणजे तो वाडगा तिथल्या मजुराच्या सुमारे पाऊण तासाच्या कामाचा. आपल्याकडे २०२५-२६ साली रोजगार हमीचा तेलंगणातील दर दिवसाला ३०७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तीस रुपयांची इडलीची प्लेटही पाऊण तासाचीच होते. इतक्या दूरच्या दोन गावांत कष्टकऱ्याच्या पोटाचे माप एकच निघावे, याची मला गंमत वाटली. मग वाटले, खाणाऱ्याचा हिशेब झाला, करणाऱ्याचा कुठे आहे?

तिथे 'हजार येनची भिंत' असा शब्दप्रयोग आहे. गहू, वीज, मांस सगळे महागले, तरी हजार येनच्या वर किंमत लावली की गिऱ्हाईक पाठ फिरवते, अशी दुकानदारांना धास्ती असते. रामेन हे साध्या माणसाचे खाणे, ते महाग असून कसे चालेल? ही भिंत बांधली गिऱ्हाइकाने आणि तिला पाठ लावून उभा आहे तो पट्टा बांधलेला हात. २०२४ साली दिवाळखोरीत निघालेल्या रामेन दुकानांची संख्या आजवरची सर्वांत मोठी होती. मी साडेआठशे येन मोजले तेव्हा माझ्याकडे मागितलेली पूर्ण किंमत दिली होती. वाडगा बनायला जे लागले, त्याची पूर्ण किंमत मात्र मी दिली नव्हती.

या खाण्याचा इतिहासही स्वस्ताईचाच आहे. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात राईराईकेन नावाचे दुकान निघाले, तिथे चिनी आचारी होते. पण रामेन घरोघरच्या ओळखीचे झाले ते महायुद्धानंतर. १९४५ नंतर तांदूळ मिळेनासा झाला, अमेरिकेचा गहू आला, आणि काळ्या बाजारातल्या गाड्यांवर लोक शेवया खाऊ लागले. शिधावाटपाचा कायदा कडक होता, गाड्या बेकायदा होत्या, पुष्कळ विक्रेते पकडलेही गेले. परंतु नुसत्या शिध्यावर शहरातला माणूस जगू शकत नव्हता; कायदा करणारे आणि राबविणारेही काळ्या बाजारातूनच आणून खात.

एकाने खाल्ले नाही. यामागुची योशितादा हे टोकियोतील तरुण न्यायाधीश काळ्या बाजाराचे खटले चालवीत. ज्या गुन्ह्याबद्दल आपण लोकांना शिक्षा देतो, त्याच मालावर आपण जगावे हे त्यांना पटेना. त्यांनी फक्त शिध्यावर राहायचे ठरविले, त्यातलाही मोठा भाग मुलांना दिला, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी उपासमारीने त्यांचा अंत झाला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आपण इकडे अजून निजामाच्या राज्यात होतो, त्या शरद ऋतूतली ही गोष्ट. मुलाच्या घरी एका पुस्तकात ती वाचली आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

आता पहिला तडा. माझ्या नोकरीतील बरीच वर्षे पुरवठ्याच्या कामात गेली. सुमारे वीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या एका गावी माझी नेमणूक होती. गावाचे नाव सांगत नाही. कचेरीसमोर एका बाईंची इडलीची बंडी होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. पाच रुपयांत चार इडल्या, शेंगदाण्याची चटणी, वर मागेल तितके सांबार. मी रोज सकाळी तिथेच खाई आणि रोज पैसे देई. अधिकारी म्हणून फुकट खाल्ले नाही, याचा मला अभिमान होता. बंडीखाली लाल सिलिंडर असे. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचे आणि लाल, व्यवसायाचे १९ किलोचे आणि निळे. घरगुती गॅस धंद्याला वापरणे २००० सालच्या आदेशान्वये गुन्हा. हे मला पाठ होते. लाल रंगही रोज डोळ्यांपुढे होता. चार इडल्या पाच रुपयांत कशा परवडतात, याचे उत्तर माझ्या पायांपासून दोन हातांवर होते, आणि मी चटणी वाढून मागत होतो.

पुढे वरून मोहिमेचे आदेश आले. एका दिवसात गावातल्या नऊ ठिकाणी छापे घातले, त्यात ती बंडीही होती. पंचनामा लिहिताना अक्का रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सार, कालची इडलीबी ह्याच सिलिंडरवरची होती." पंच हसले. मी खाली मान घालून जप्तीचा तपशील पूर्ण केला.

कायद्याच्या दृष्टीने मी चुकलो नव्हतो. घरच्या चुलीसाठी दिलेले अनुदान धंद्यात जिरू लागले तर ज्या घरात धूर आहे त्याला गॅस कसा मिळणार? हे मला तेव्हा पटत होते, आजही पटते. माझा दोष जप्तीत नाही. आधीच्या दोन वर्षांच्या सकाळींत आहे. त्या स्वस्त प्लेटमधला एक हिस्सा सरकारी खजिन्याचा होता, एक अक्कांच्या पहाटे तीनच्या उठण्याचा. दोन्ही हिस्से मी खाल्ले आणि हिशेब मात्र एकट्या त्यांच्या नावावर लिहिला. यामागुचींनी उपाशी मरावे असे मी म्हणणार नाही; त्यांच्या घरच्यांचा विचार केला तर ते सत्य मला निर्दयही वाटते. पण निवाड्याला बसण्यापूर्वी त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

अक्कांनी मग सरपणावर इडली चालू केली आणि भाव सात रुपये केला. गिऱ्हाईक कुरकुरले. मी तिथे जाणे सोडले. लाज वाटली म्हणून सोडले, हे खरे. पण त्यामुळे त्यांचे रोजचे एक गिऱ्हाईक तुटले, हेही खरे.

स्वस्त अन्नाचा उरलेला हिस्सा कोणीतरी भरतोच, फक्त काही ठिकाणी तो लिहिलेला असतो. एन. टी. रामाराव यांच्या सरकारने १९८३ साली दोन रुपये किलो तांदूळ दिला, तेव्हा वरची रक्कम अंदाजपत्रकात दिसे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली ती दहा रुपयांना. पण थाळीची किंमत शहरात पन्नास व खेड्यात पस्तीस धरून बाकीचे सरकारने केंद्रचालकाला द्यायचे, असे निर्णयातच लिहिले होते. या योजनांवर टीका पुष्कळ होते, आणि बिलांसाठी हेलपाटे घालणाऱ्या केंद्रचालकांना विचारले तर ती सगळीच खोटी नाही. तरी त्यांत एक प्रामाणिकपणा आहे: कोण किती भरतो ते कागदावर आहे.

जिथे कागद नाही तिथे बाई असते. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खानावळींत जेवत. खानावळवाली बाई किराणा सावकाराच्या पैशावर उचली, पैसे महिनाअखेर घेई आणि पहाटेपासून चुलीपुढे असे. त्या जेवणाचा खरा हिशेब प्रथम मांडला तो प्रेमा पुरव यांनी. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांनी या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकार गेला तरी ताटाचा भाव तोच ठेवता येतो, हे त्यातून दिसले. म्हणजे इतके दिवस त्या स्वस्त ताटातून सावकारही जेवत होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पगार बंद पडलेल्या कामगारांना यांतल्या कित्येकींनी उधारीवर वाढले. त्या उधारीपैकी किती परत आली असेल? आजीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, मग ते विकणे कुठले, ते वाढणेच. मला मात्र तसे म्हणवत नाही. न फिटलेल्या उधारीला दान म्हणण्याचा अधिकार त्या बायकांचा आहे, जेवणाऱ्यांचा नाही.

टोकियोहून परतल्यावर पंधरा दिवसांनी मी बोथच्या बसस्थानकाजवळ एका बंडीवर थांबलो. तरुण मुलगा इडल्या काढीत होता, त्याची आई चटणी वाटीत होती. पंचवीसची प्लेट तीस झाल्याबद्दल शेजारचे एक परिचित त्या मुलाशी हुज्जत घालीत होते. मला पाहून म्हणाले, "साहेब, तुम्ही पुरवठ्यात होता ना? सांगा याला, कसली महागाई!" मी खाली पाहिले. बंडीखाली गोणपाटाने काहीतरी झाकलेले होते आणि गोणपाट एका बाजूने फाटलेले होते. आतला रंग लाल होता. मुलाचेही लक्ष माझ्या नजरेकडे गेले, त्याचा हात क्षणभर थांबला.

मी तीस रुपये आधी ठेवले आणि प्लेट मागितली. खाऊन झाल्यावर प्लेट उचलून बादलीपाशी नेली, तर त्याची आई घाईने पुढे येऊन म्हणाली, "राहू द्या की काका, तुम्ही कशाला!" आणि तिने ती माझ्या हातून काढून घेतली.