लेकरू कोणाचे?

संतसज्जनहो, गेल्या वारीत फलटणच्या मुक्कामी पालात बसलो असता एका माळकऱ्याने प्रश्न टाकला. "बुवा, माझा पोरगा आठ वर्षांचा हाय. शाळेतनं काढून घरीच शिकवावा म्हणतो. सकाळी अक्षर-आकडे, सांजेला हरिपाठ न् पखवाज. गावची मंडळी म्हणत्यात, कायदा आडवा येतो. लेकरू माझं, घर माझं, मग सरकार मधी कुठनं आलं?" त्याची कारभारीण शेजारीच बसली होती, ती काही बोलली नाही. पोरगा टाळाच्या दोरीशी खेळत होता. त्यालाही कोणी काही विचारले नाही.

प्रश्न सोपा दिसतो, पण तसा तो नाही. आधी कायदा काय आहे ते पाहू. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य, असे त्यात लिहिले आहे. कर्तव्य चुकल्यास आईबापांना शिक्षा मात्र त्यात सांगितलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे व मुख्यत्वे धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. घरच्या शिक्षणाचे नाव मात्र कायद्यात कोठे नाही.

आता माळकऱ्याच्या बाजूने विचार करू. घरात शिकून मोठे होता येते, याला आपल्या संप्रदायाइतका मोठा साक्षीदार दुसरा कोण? विठ्ठलपंतांची चार लेकरे कोणत्या शाळेत गेली होती? संन्याशाची पोरे म्हणून त्यांना वाळीत टाकले, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागायची पाळी आली. शिकवले ते घराने. थोरल्या भावाने धाकट्याला अनुग्रह दिला, आणि १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून झाली. तेव्हा शाळेच्या दाखल्यावाचून ज्ञान नाही, असे म्हणण्याची सोय निदान आपल्याला तरी नाही.

पण बाबांनो, घर म्हणजे प्रत्येक वेळी विठ्ठलपंतांचेच घर नव्हे! सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचे घर आठवा. कीर्तनाला जाते, तुकोबांचा ध्यास घेते, म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली, हे तिने स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. ते घरही 'आमचे घर, आमची मर्जी' असेच म्हणत असेल. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा पोरींच्या वाटेत सरकार आडवे नव्हते, घरे आडवी होती. एका घराने ज्ञानाचे दार उघडले, दुसऱ्याने लावून घेतले. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतात.

हा तंटा आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत आमिश नावाचा साधेपणाने शेती करून राहणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. विस्कॉन्सिन राज्यात सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. आमिश लोकांनी आठवीनंतर मुले घरी घेतली. तिघा बापांना पाच-पाच डॉलर दंड झाला. तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली बापांच्या बाजूने निकाल लागला. परंतु न्यायमूर्ती डग्लस यांनी काही अंशी वेगळे मत लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, बापांचे आणि सरकारचे ऐकलेत, पण मुलांना विचारलेत काय? तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती.

जर्मनीत याच्या उलट. तिथे घरची शाळा चालतच नाही. २०१३ साली एका कुटुंबातली चार मुले याच कारणाने घरातून उचलून नेली. तीन आठवड्यांनी ती परत आली. २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सरकारचे वागणे गैर ठरवले नाही. मला विचाराल तर पोरांना आईच्या पदराखालून ओढून नेणे हे औषध रोगाहून कडू आहे. ऑस्ट्रियाची रीत मला मध्यम वाटते. घरी शिकवा, पण वर्षाअखेर मुलाची परीक्षा बाहेर होईल. नापास झाला तर शाळेत घाला.

कोणी म्हणेल, "परीक्षा घेणारा साहेब भक्ती कशी मोजणार?" त्याने मोजूच नये. पोराला वाचता येते का, हिशेब येतो का, एवढे त्याने पाहावे. माळ, हरिपाठ, एकादशी यांत त्याने हात घालू नये. तिथे त्याची वेस संपली.

माझे मत सांगतो. लेकरू बापाच्या मालकीचे नाही, सरकारच्याही नाही. ते पांडुरंगाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे. ठेव कशी सांभाळायची ही अक्कल ठेवणाऱ्याची. पण कोणी 'दाखव' म्हटले तर मूठ झाकायची नसते. सरकारने साक्षीदार व्हावे, धनी होऊ नये. आणि बापाने स्वातंत्र्य जरूर मागावे, पण ते लेकरासाठी मागावे, लेकरावर हुकूम गाजवण्यासाठी नव्हे. ज्याला लपवण्यासारखे काही नाही, त्याला साक्षीदाराचे भय कशाला?

त्या रात्री मी माळकऱ्याला एवढेच म्हणालो, "माउली, सरकारचं आपण मागून बघू. आधी ह्याला विचारा." बाप गप्प झाला. मग पोराकडे वळून म्हणाला, "काय रं, शाळंत जायाचं का घरी शिकायचं?" पोरगा म्हणाला, "शाळंत जातो की. पण पखवाज तुमीच शिकवा." आई पदर तोंडाला लावून हसली. आमच्यापैकी कोणालाही ही वाट सुचली नव्हती.

रामकृष्णहरी.