सोबत आलेल्याला सोडू नये

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या डोंगरांवर रेणुकामातेचं ठाणं आहे, तसंच दत्तशिखर आणि अनसूयेचं शिखरही. दत्तप्रभू रोज निद्रेला माहूरगडावर येतात, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या तसबिरीत पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्री असतात. याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाबरोबरही कुत्रा असतो, आणि यात्रेत श्वानांचं प्रदर्शनही भरतं. देवाशेजारी बसलेल्या या कुत्र्यामुळे दारातल्या कुत्र्याबद्दल आपल्यावर काही बंधन येतं का? माझ्या मते येतं, आणि ते भूतदयेपेक्षा कडक आहे : भरवशानं सोबत आलेल्याला सोडू नये.

यावर पहिला आक्षेप असा की दत्ताची कुत्री म्हणजे चार वेद. त्या रूपकाचा हाडामांसाच्या कुत्र्याशी काय संबंध? महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व याचं उत्तर देतं. हिमालय चढताना द्रौपदी आणि चारही भाऊ पडले. धर्मराजाबरोबर उरला तो एक कुत्रा. त्याला सोडून रथात बस, असं स्वर्गात न्यायला आलेला इंद्र म्हणाला. भावांना सोडलंस, मग याला का नाही, असंही त्यानं विचारलं. धर्मराजाचं म्हणणं असं, की ते गेल्यावर सोडले, जिवंतपणी नव्हे. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे. तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म, हे नंतर उघड झालं. निर्णय घेतला तेव्हा धर्मराजासाठी तो कुत्राच होता. कुत्र्याला कुत्रा म्हणूनच न सोडण्यात त्याच्या धर्माची कसोटी होती. रूपकाच्या आड लपायला इथे जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. ज्या आईच्या लेकराला कुत्रा चावला, तिला समदृष्टी शिकवायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणूनच चतकोर भाकरी टाकून मिळवलेलं पुण्य अपुरं आहे. त्याची जोखीम शेजाऱ्याच्या मुलाच्या वाट्याला येते. जबाबदारी घेणारा माणूस आपल्या कुत्र्याला लस टोचून घेतो, त्याची नसबंदी करतो, टेकडीवर फिरायला नेताना गळ्यात पट्टा आणि हातात साखळी ठेवतो. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी हेच काम नगरपालिकेचं आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा गाभा नसबंदी आणि लसीकरण हाच आहे. लातूरकडचा कारवान जातीचा कुत्रा शिकारीसाठी नावाजलेला. पण तो म्हातारा झाला, धावेनासा झाला, म्हणून त्याला गावाबाहेर सोडून येणारा मालक दत्तापुढे कितीही उदबत्त्या लावो, धर्मराजाच्या कसोटीला तो उतरत नाही. आश्रय एकदा दिला की तो शेवटपर्यंत निभवावा लागतो, आणि त्याचा त्रास दुसऱ्याला होणार नाही हेही आपणच पाहावं लागतं. ही दोन्ही कर्तव्यं मिळूनच तो धर्म पुरा होतो.